दातांनी तोडलेले धागे

आमच्या घरातल्या पंख्यावरची धूळ राखाडी नसते. ज्या आठवड्यात मम्मीने पोपटी साड्या आणलेल्या असतात, त्या आठवड्यात ती पोपटी असते. लग्नसराईच्या आधी लाल. एका वर्षी तर कितीतरी दिवस मोरपिशी होती. तेव्हा कॉलेजातली एक मैत्रीण घरी आली आणि वर बघून म्हणाली, पंखा मुद्दाम रंगवलाय का? मी हो म्हणाले. मला खरं बोलायला खूप शब्द लागतात, खोटं एका शब्दात होतं.

सुरतेतल्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीत निम्म्या घरांचे पंखे असेच असतील. बायका बाजारातून नाही, ठेकेदाराकडून गठ्ठे आणतात. मशीनवर साडीला भरतकाम होतं, तेव्हा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना मधे धागा सुटा लोंबत राहतो. ते सुटे धागे एकेक करून कापायचे, साडी झटकायची, घडी घालायची. झटकताना जे उडतं ते पंख्यावर बसतं. जे पंख्यावर बसत नाही त्याचा विचार मी पंचवीस वर्षं केला नव्हता.

गेल्या वर्षी तो करावा लागला, कारण मला एक गोष्ट ठरवायची होती. माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. त्यांना जमणारं एकच काम उरलं होतं, तेही हाताने नव्हे, तोंडाने. ते काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

पप्पा शहाद्याकडचे. अठराव्या वर्षी सुरतेत आले आणि लूमच्या खात्यात लागले. खातं म्हणजे पत्र्याची शेड, आत माग इतके दाटीने लावलेले की मधून जाताना माणसाला अंग चोरावं लागतं. आवाज असा की आत शिरल्यावर स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. पप्पांचे कान तिथेच गेले. म्हणून आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. मी एकटी हळू बोलते. शाळेत, इंग्लिश मीडियमच्या शाळेत, हळू बोलण्याला वळण म्हणायचे. घरी त्याला काय म्हणायचे ते कुणी बोलून दाखवलं नाही, पण पप्पा माझ्याशी बोलताना माझ्या ओठांकडे बघत आणि थोड्या वेळाने मम्मीकडे वळून विचारत, काय म्हनी ऱ्हायनी ती? मग मम्मी माझं वाक्य ओरडून सांगत असे. माझं आणि वडिलांचं बरंचसं बोलणं असं मम्मीमार्फत झालेलं आहे.

पण एक काम होतं ज्याला बोलावं लागत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन खात्यात जायची. मागावर आडवा धागा वाहून नेणारा धोटा असतो, त्याच्या पोटात धाग्याची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचं. त्यासाठी तारेचा आकडा मिळतो. आकडा वापरतो तो नवशिका. पप्पा धोटा ओठांना लावायचे, एक श्वास आत ओढायचे आणि धागा बाहेर. पापणी लवायच्या आत माग पुन्हा चालू. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी धोटा माझ्या ओठांना लावला. मी ओढलं. धागा आला, त्याच्याबरोबर जिभेवर काहीतरी केसाळ आलं. त्यांनी माझ्या हनुवटीखाली तळहात धरला आणि तोंडाने दाखवलं, थू कर. मी थुंकले. त्यांनी हात पँटला पुसला आणि बाजूच्या मागावरच्या माणसाला खुणेने सांगितलं, बघ, माझी पोरगी. खुणेनेच, कारण ऐकू कुणाला येणार. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला होता, की आता तो आठवला तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण तो धागा कापसाचा नव्हता. आमच्या भागात कापूस कोण विणतो? सगळं पॉलिएस्टर. पाण्याच्या बाटलीचा सख्खा भाऊ. पप्पांनी तीसेक वर्षं दिवसाला अगणित वेळा प्लास्टिकच्या धाग्यातून श्वास आत ओढला. दिवसातून किती कांड्या बदलायचात, असं मी गेल्या वर्षी त्यांना विचारलं. ते हसले.

“श्वास कोन मोजस, बेटा?”

आजार सुरू झाला तेव्हा कुणालाच कळलं नाही. त्यातही एक गंमत आहे, जर तिला गंमत म्हणायची असेल तर. या आजारात बरेचदा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायला लागतात, आपोआप, रिकामा हात मांडीवर असताना. आता मागावरच्या माणसाची बोटं नेहमीच तशी चालतात. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं चिमटीत धरून पीळ द्यायचा, ही सवय हाताला इतकी बसते की जेवताना, बसमध्ये, लग्नात वरातीच्या मागे चालताना बोटं पीळ देतच असतात. गल्लीतल्या कितीतरी काकांची बोटं मी तशी पाहिली आहेत. पप्पांचा उजवा अंगठा वर्षभर तसा चालला आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो, हाताला सवय आहे. खात्यातल्या लोकांनी तर कौतुक केलं. झोपेतबी गाठ मारस हाऊ, असं म्हणाले. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोने नवऱ्याला दुसऱ्या महिन्यात डॉक्टरकडे ओढून नेलं असतं. आम्ही मात्र एका आजाराला कसब समजलो.

मग त्यांचं पाऊल घसटायला लागलं, चेहरा गोठल्यासारखा झाला, आणि एक दिवस त्यांना खरोखरची गाठ मारता आली नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी निदान केलं तेव्हा त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता. शेती करता का? फवारणी? विहिरीचं पाणी पीत होतात का? डोक्याला मार? घराण्यात कुणाला? प्रत्येक प्रश्नाला मम्मी नाही म्हणाली, आणि फवारणीला तर तिने जरा मान ताठ करून नाही म्हटलं. त्यासाठीच तर गाव सोडलं होतं. तिच्या माहेरी फवारणीनंतर माणसं बांधावर ओकताना तिने पाहिली होती. साहेब, कपड्याचं काम आहे, साफ काम, असं तिने हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि कामातल्या धोक्यांच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. मी शेजारी उभी होते. माझं बी.एस्सी. झालेलं होतं. मीही काही बोलले नाही, कारण तेव्हा मलाही ते साफच वाटत होतं. कपड्याला घाण कोण म्हणतो?

त्या आडव्या रेघेचा राग मला नंतर आला, आणि आला तो गेलाच नाही.

मी सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत धागा बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणीच्या खोलीत काम करते. पॉलिएस्टरचा सरळ धागा गरम करून, पीळ देऊन कुरळा करतात, त्याची रिळं, म्हणजे बॉबिन, आमच्याकडे येतात. वजन, जाडी, ताकद, सगळं मोजायचं. एक तपासणी अशी असते की बॉबिनच्या कडेवर उजेड टाकायचा आणि तुटून उभे राहिलेले केस मोजायचे. ठरलेल्या संख्येपेक्षा केस जास्त असले तर माल खालच्या प्रतीत जातो, कारण असा धागा मागावर अडकतो आणि कापडावर डाग दिसतो. हे मी तीन वर्षं करत होते. तुटलेला प्रत्येक केस कुठे तरी गेला असणार, हे मला तीन वर्षांत सुचलं नाही. इतकं शिकून माणूस इतका आंधळा राहू शकतो.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, फोनवर एक लेख वाचला. इंग्रजीत होता, साध्या वाचकासाठी लिहिलेला. मेंदूच्या पेशींत एक प्रोटीन असतं, रोजचं काम करणारं. पार्किन्सनमध्ये ते वेडंवाकडं दुमडतं, आणि एक दुमडलं की शेजारचंही तसंच दुमडतं, मग त्यांच्या गुठळ्या होतात. लेखात म्हटलं होतं, की प्रयोगशाळेत हे प्रोटीन आणि प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण एकत्र ठेवले तर कण प्रोटीनला चिकटतात आणि गुठळ्या लवकर होतात. उंदरांतही तसं काही दिसलं. माणसांत असं होत असेल, पण सिद्ध झालेलं नाही. अजून संशोधन हवं. आणि प्रयोगातलं प्लास्टिक होतं ते फेकायच्या कपांचं. धाग्याचं नव्हे.

मी डबा तसाच बंद केला. राग आधी कशाचा आला सांगू? ‘असेल’ या शब्दाचा. मला माहीत आहे की तो शब्द प्रामाणिक आहे. मी स्वतः तपासणीच्या खोलीत बसते, एका नमुन्यावरून लॉट नापास करायचा नसतो हे मला कळतं. पण ‘असेल’ हा शब्द कोणाला परवडतो? ज्याच्या घरातला पंखा राखाडी आहे त्याला. तो माणूस कप बदलेल, काचेची बाटली घेईल आणि पुढच्या बातमीची वाट बघेल. आणि दुसरा राग कपांचा. कपाचं प्लास्टिक ज्यांच्या तोंडाला लागतं त्यांच्याबद्दल निदान कुणाला प्रश्न तरी पडला. धागा ज्यांनी ओठांनी ओढला त्यांच्याबद्दल मी खूप शोधलं. मिल कामगारांच्या फुप्फुसांवर सापडलं. मेंदूचं मला काही सापडलं नाही. नसेलच असं नाही, मला सापडलं नाही.

घरी काय चाललं होतं ते आता सांगायला हवं. खातं सुटल्यावर पप्पा दिवसभर मम्मीसमोर बसायचे. मम्मी गठ्ठ्यातले धागे कापायची, ते बघायचे. एक दिवस त्यांनीही छोटी कातर उचलली. थोड्या साड्या ठीक गेल्या. मग हात एकदम उडाला आणि आंब्याच्या रंगाच्या साडीच्या मधोमध भोक पडलं. ठेकेदारीण भाभी आली, साडी बघितली, पप्पांकडे बघितलं आणि काहीच न बोलता ती साडी आमच्याकडेच टाकून गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती साडी आता आमच्या भांड्यांच्या फळीला पडदा म्हणून आहे. भोक चुण्यांत लपतं.

त्यानंतर पप्पांनी कातरीला हात लावला नाही. त्यांनी दुसरी युक्ती काढली. साडी दोन्ही हातांनी गुडघ्यांवर दाबून धरायची, म्हणजे हात कमी हलतात, मग मान खाली घालून सुटा धागा दातांत पकडायचा आणि तोडायचा. दात मात्र त्यांचे पक्के, तीस वर्षं धागा तोडलेले. कातरीपेक्षा साफ. मम्मीच्या दोन साड्या होत तेव्हा त्यांची एक होई. संध्याकाळी ते आपली चळत वेगळी ठेवत आणि मी घरात शिरले की तिकडे बोट करत. तेवढ्यात त्यांच्या गोठलेल्या चेहऱ्यावर थोडीशी हालचाल दिसायची.

आणि मी तो लेख वाचून घरी आले होते.

दोन दिवस मी ते कसं सांगायचं याचा विचार केला. रविवारी सकाळी, गठ्ठा सोडायच्या आधी, मी पप्पांच्या समोर बसले आणि बोलायला लागले. त्यांनी ओठांकडे बघितलं, मग मम्मीकडे. मम्मी म्हणाली, आज तूच सांग, माझ्याच्याने हे सांगणं होणार नाही. म्हणून मला ओरडावं लागलं. मी वाक्य मनात नीट जुळवलं होतं: अजून नक्की नाही, पण प्लास्टिकच्या कणांमुळे मेंदूतल्या एका प्रोटीनवर परिणाम होत असण्याची शक्यता आहे. हे वाक्य ओरडून बघा. शक्यता ओरडून सांगता येत नाही. तोंडातून बाहेर पडलं ते असं:

“पप्पा, हे प्लास्टिक मेंदूत जातंय!”

जिन्यात कुणीतरी थांबल्याचं मला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलंच, पप्पांच्या डोक्यातून प्लास्टिक काढायचं ऑपरेशन आहे का?

पप्पांनी मात्र शांतपणे ऐकलं. प्रोटीन हा शब्द त्यांना माहीत होता. गोळी डाळ-दुधाबरोबर घेऊ नका, प्रोटीनमुळे गोळी नीट लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आता मेंदूतही प्रोटीनच बिघडतं म्हटल्यावर त्यांनी दुपारी डाळीची वाटी बाजूला सारली. मम्मी भडकली. पोरीने इंग्रजी वाचलं आणि माणूस उपाशी ठेवला, असं ती मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. हळू बोलायचं तिला फक्त टोमण्यासाठी जमतं. मग मी त्यांना पुन्हा समजावायला बसले, की डाळीचं प्रोटीन वेगळं, हे वेगळं, ते आतच असतं, एक वाकडं झालं की शेजारचं वाकडं करतं. पप्पांनी हात वर केला आणि मला थांबवलं.

मग त्यांनी मला सांगितलं. मागावर उभे तार, म्हणजे उभे धागे, हजारो असतात. एक तुटला आणि विणणाऱ्याच्या लक्षात आला नाही, तर तो तुटका तार शेजारच्याला गुंततो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि बघता बघता एवढं जाळं होतं की फणी अडते आणि माग उभा राहतो. आणि मधे बाहेरचा एखादा केस अडकलेला असला की जाळं आणखी लवकर होतं. असंच ना? असंच, मी म्हणाले. लेख लिहिणाऱ्याने यापेक्षा बरं सांगितलेलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, झालं, त्यांना पटलं. मी गठ्ठ्याकडे हात नेला आणि म्हणाले, मग आता हे बंद. मम्मीचंही आणि तुमचंही.

त्यांनी गठ्ठ्यावर पाय ठेवला. पाय थरथरत होता, पण ठेवला.

“मना हातले काम नही ऱ्हायनं,” ते म्हणाले. “दातले तरी ऱ्हाऊ दे.”

मी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा, ओरडून, दरवाजा उघडा असताना. जे बोलायचं होतं ते खात्याच्या मालकाला, शेठला, आडवी रेघ ओढणाऱ्या डॉक्टरांना, तारेचा आकडा वापरणाऱ्याला हसणाऱ्या त्या सगळ्या खात्याला बोलायचं होतं. त्यांच्यापैकी कुणी समोर नव्हतं. समोर एक थरथरणारा माणूस होता, त्याला बोलले. तुम्हाला स्वतःचीच पर्वा नाही, असं म्हणाले. मग गठ्ठा उचलून भाभीच्या घरी टाकून आले. भाभीने विचारलं, काय झालं? मी म्हणाले, आता नको. एका वाक्यात झालं, म्हणजे ते खोटं असणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढचे तीन आठवडे घर स्वच्छ होतं. पंखा पांढरा. पप्पा खिडकीशी खुर्चीत बसायचे आणि त्यांचा अंगठा बोटावर चालायचा, नसलेल्या धाग्याला पीळ देत. चळत नसल्यामुळे मी घरात आले तरी दाखवायला काही नव्हतं. हळूहळू त्यांनी ओरडून बोलणंही सोडलं. डॉक्टर म्हणाले होते की या आजारात आवाज बारीक होत जातो, तेही असेल. पण दारातून मम्मीला हाक मारणारा, क्रिकेट बघताना टीव्हीवर तुटून पडणारा माणूस गप्प झाला होता. लहानपणापासून मला हवं होतं तसं घर शांत झालं.  मम्मी नुसती माझ्या ताटात वाढायची आणि बाजूला बसायची, जशी पाहुण्यांजवळ बसते.

त्या दिवसांत मी कारखान्यात एक काम केलं, ज्याचा मला अजून संकोच वाटतो आणि थोडा अभिमानही. तपासणी खोलीतल्या साहेबांना मी विचारलं, की आपण बॉबिनवरचे तुटके केस मोजतो, तर एक दिवस मशीनजवळ काचेची बशी ठेवून हवेतून काय पडतं ते बघायचं का? माझा आवाज इतका लहान होता की मला ते पुन्हा सांगावं लागलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

“बेन,” ते म्हणाले, “आपण विकतो ते मोजतो. उडतं ते नाही.”

मी खाली मान घालून जागेवर आले. मग ती बशी मी घरी नेली. मम्मीने भाभीकडे परत जायला सुरुवात केली होती, माझ्या नकळत, दुपारी, तिच्या घरी बसून कापायची. ते कळल्यावर मी बशी भाभीच्याच खोलीत कपाटावर ठेवायला दिली, कपाळावर आठ्या घालून तिने ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती तपासणीच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. धागे होते. पोपटी, पारदर्शक, कुरळे, आणि त्यांच्या मधे आणखी बारीक चुरा, ज्याच्यापुढे आमच्या भिंगाची धाव संपते. मेंदूत जाईल इतकं लहान काही मला दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. माझ्या बशीने काही सिद्ध झालं नाही. फोटो मात्र काढला.

संध्याकाळी तो फोटो मी पप्पांना दाखवला. घाबरवायलाच दाखवला, खोटं कशाला बोलू. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले. हा कुरळा केलेला धागा आहे, साध्या बॉबिनचा नाही. ह्याला पीळ कमी पडलाय. आणि हा चपटा चमकतोय तो जरीचा, हा इथे कसा आला, भाभीने जरीचं काम पण घेतलं वाटतं. मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, हो, मंगळवारपासून घेतलंय. पप्पा माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत ती जुनी चमक होती, बाजूच्या मागावरच्या माणसाला खूण करतानाची. ज्या गोष्टीने त्यांचं डोकं पोखरलं असेल किंवा नसेल, ती गोष्ट या घरात, या गल्लीत त्यांच्याइतकी कुणीच ओळखत नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हीपैकी कुठलं आधी आलं हे मला सांगता येणार नाही.

रविवारी मी स्वतः भाभीकडे गठ्ठा आणायला गेले. ती दारात उभी राहून म्हणाली, “मेडम पाछा आव्यां?” परत आलेच होते. गठ्ठा डोक्यावर घेतला.

घरी माझे नियम झाले. खिडक्या सताड उघड्या. पंखा बंद, सुरतेच्या उकाड्यात. फरशीवर ओली चादर, तिघांच्या तोंडाला मास्क, साडी झटकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. मम्मीने हे सगळं बघितलं आणि विचारलं, ऑपरेशन करी ऱ्हायनी का? पप्पा हसले. कामाची वाटणी अशी झाली की पप्पा बघतील आणि मी कापीन. त्यांनी साडीच्या मागच्या बाजूवर नजर फिरवायची आणि सुटा धागा दाखवायचा. नजर त्यांची अजून विणकराची आहे. मला दिसायच्या आधी त्यांचं बोट तिथे पोहोचतं, थरथरत, पण बरोब्बर तिथेच. मम्मीच्या बरोबरीने आमची चळत वाढायला लागली. मला वाटलं, जमलं. हातही वाचले, दातही.

दुसरी-तिसरी साडी असेल. मी कडेचे धागे कापत होते, मान खाली. मला एक आवाज आला. फार बारीक, टच असा. घरात सगळे ओरडून बोलत असताना तो मला कधी ऐकू आला नव्हता. वर बघितलं तर पप्पांचा मास्क हनुवटीवर होता आणि ओठांतून पोपटी धाग्याचं टोक बाहेर दिसत होतं. शाळेत पकडल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. डोकं हललं नाही, चेहरा हलला नाही. अंगठा तेवढा चालत होता.

माझ्या मनात जे जे आलं ते सगळं मी इथे लिहू शकत नाही. मला ओरडायचं होतं आणि ओरडायला आता येतही होतं. पण कोणावर? मी कातर खाली ठेवली. त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला.

“थू करा,” मी म्हणाले. हळूच म्हणाले, आणि त्यांना कळलं.

ते थुंकले. माझ्या हातावर ओल्या धाग्याचे दोन तुकडे पडले, एक मोठा आणि एक इतका बारीक की हात उजेडाकडे केला तेव्हाच दिसला. मी हात कशाला पुसला नाही, मूठ मिटून तशीच बसले. पप्पांनी मास्क वर ओढला. मग साडीवर, माझ्या गुडघ्यापाशी, बोट ठेवलं.

“तठे एक सोडी दिनं तू.”

मी दुसऱ्या हाताने कातर उचलली.